सासूबाईंचा पहिला शब्द

माझ्या सासूबाई माझ्याशी पहिल्यांदा थेट बोलल्या तेव्हा मी तापीच्या डोहात बुडत होतो, आणि त्यांचा तो पहिला शब्द होता, "मुडद्या!"

लग्नाला तेव्हा वर्ष होत आलं होतं. तोवर त्यांचा आवाज मला फक्त दाराआडून ठाऊक होता. रावेरकडच्या त्या केळीवाल्यांच्या गावात सासूनं जावयापुढं यायचं नाही. आलीच तर पदर नाकापर्यंत, आणि बोलायचं ते तिसऱ्याला सांगून. तिसरं कुणी नसलं तर सासूबाई खांबाला सांगत, "पाव्हण्यायले म्हणा, अजून एक मांडा घ्या." खांब गप्प राही. मी मांडा घेई.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. त्या साली वैशाख अधिक आला होता. धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण, त्यामुळे हा नारायण धुळ्याहून कोरं धोतर नेसून वाण घ्यायला निघाला. वाण पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी होतं. बायको घरी अनारसे तळत बसली. मी आमरस-मांडे गळ्यापर्यंत चेपले आणि सासूबाई व मेहुणी गोधड्या धुवायला निघाल्या, त्यांच्यामागं सावलीच्या निमित्तानं नदीवर गेलो.

मेहुणी माझ्या बायकोची धाकटी बहीण, जिभेनं थोरली. म्हणाली, "पाव्हणे, पोहता येतं का? का तुमची पांझरा नदी कोंबड्याबी चालतच ओलांडतात?"

आता खरं सांगायचं तर मी विहिरीत पाठीला सुका भोपळा बांधून पोहायला शिकलो होतो. पोहायचा तो भोपळा. मी आपला त्याच्या सोबतीला असायचो. पण नारायणानं हे मेहुणीला कोणत्या तोंडानं सांगावं? मी सदरा काढला, धोतर खोचलं आणि उडी मारली.

चार हात मारले नाहीत तोच पायाखालचा तळ संपला. आमरसानं आपलं वजन दाखवलं. जावई उघडा म्हणून सासूबाई पाठ फिरवून गोधडी आपटत होत्या. मेहुणीची किंकाळी ऐकून त्या वळल्या, कासोटा आवळला आणि लुगड्यासकट पाण्यात शिरल्या. माहेरी लहानपणी म्हशींच्या शेपट्या धरून त्यांनी हीच तापी पार केली होती, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला एवढंच कळलं की एक गळा हाताशी आलाय. मी त्याला मिठी मारली.

"मुडद्या, गळा सोड! दोघंबी मरू!"

मी सोडला नाही. तेव्हा त्यांनी पोटात असा गुडघा घातला, की मिठी आपोआप सुटली. मग मागून येऊन, धुळ्याच्या सलूनात हौसेनं ठेवलेली माझी झुलपं मुठीत धरून त्यांनी मला काठावर ओढून आणलं.

काठाला लागताच त्यांनी आधी पदर नाकापर्यंत ओढला, पाठ फिरवली आणि धापा टाकत मुलीला म्हणाल्या, "पाव्हण्यायले म्हणा, पालथे पडा."

मी पालथा पडलो आणि सगळा आमरस तापीला अर्पण केला.

घरी येताना त्यांनी मुलीला हे घराबाहेर न सांगायची शपथ घातली. धोंड्याच्या महिन्यात नारायणाला शिवी दिली, गुडघा घातला, केस ओढले. वर लोक म्हणणार, सासूनं जावयाला कवटाळलं. त्यांनी प्रायश्चित्त म्हणून अन्न सोडलं. बाई जीव वाचवून आली होती आणि चोरी केल्यासारखी कोपऱ्यात बसली होती.

पण जावई बुडता बुडता वाचला ही बातमी गावभर झालीच. सासरे आबा अब्रू झाकायला लोकांना सांगत सुटले, "कोणी वाटसरू होता. काढलं अन् चालला गेला." दुसऱ्या दिवशी वाणाला जमलेल्या मंडळींत सर्वांत म्हातारे नाना त्या वाटसरूसाठी नारळ-उपरणं घेऊन आले. वाटसरू काही सापडेना. नाना म्हणाले, "वाटसरू कसला! नारायणाले काढाले खुद्द देवच आला असीन!" सगळ्यांनी हात जोडले.

मी पाटावर होतो. पुढ्यात अनारशांचं ताट, त्यावर दिवा. स्वयंपाकघराच्या दाराआड एक मनगट दिसत होतं. मी ओरबाडलेलं, हळद लावलेलं.

मी म्हणालो, "देव नव्हता. देवाला एवढ्या शिव्या येत नाहीत."

आणि सगळं सांगितलं. गुडघा, झुलपं, मुडद्या, काही गाळलं नाही. सांगताना छाती अशी फुगली होती, जणू मला मीच बाहेर काढलं होतं. आबा आढ्याकडे बघत राहिले. नाना हातातल्या नारळाकडे बघून म्हणाले, "मंग हे कोणाले द्याचं? बाईले उपरणं कोणी देतं का?"

मी उठलो, त्यांच्या हातून नारळ-उपरणं घेतलं, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवलं आणि तिथंच डोकं टेकलं.

"अरे, अरे! जवाई सासूच्या पाया पडत नसतो!" नाना ओरडले.

"जावई बुडतही नसतो, नाना."

दाराआडून आवाज आला, "पाव्हण्यायले म्हणा, उठा."

"निरोपानं नाही उठणार," मी उंबऱ्यालाच म्हणालो. "काल बोललात तसं बोला."

आत बांगड्या वाजल्या. दिव्याची वात चरचरलेली ऐकू आली. मग अगदी हळू, हसू दाबत:

"ऊठ रे, मुडद्या."

पहिले हसले ते नाना. त्यांचं हसणं थांबायच्या आत सासूबाई दाराबाहेर आल्या, उपरणं खांद्यावर घेतलं आणि साऱ्या पुरुषमंडळींसमोर माझ्या ताटातला एक अनारसा उचलून उपास सोडला. पदर मात्र नाकापर्यंतच होता. अनारसा त्याच्या आत गेला.