दुसरं रक्त

पन्नास सालानंतर काही वर्षं मी कोल्हापुरातल्या एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होतो. प्रयोगशाळा म्हणायला एक खोली, एक सूक्ष्मदर्शक आणि रक्त द्यायला येणाऱ्यांसाठी एक डुगडुगणारा बाक. आमचे मोठे डॉक्टर सकाळी फेरीला निघत तेव्हा मागे इतकी माणसं चालत की रोग्याला आपल्या दारावरून वरात चालल्यासारखं वाटावं. त्यांनी एकदा निदान केलं की ते रोगानेही पाळायचं, असा रिवाज होता.

मुरगूडकडचा एक तरुण शेतकरी तापाने फणफणून आला. डॉक्टर म्हणाले, हिवताप. कोयनेल देऊन झालं, ताप हटेना. मी रक्त पाहिलं, त्यात हिवतापाचे जंतू नव्हते. टायफॉइडची तपासणीही कोरी. पाचव्या दिवशी त्याच्या तळहातांवर, तळपायांवर लाल पुरळ उठलं. मी खाटेपाशी जाऊन विचारलं, "काही चावलं होतं का?"

"काय बी न्हाय."

"घरी जनावरं?"

"दोन म्हशी, एक कुत्रं."

"त्यांना गोचीड?"

"त्ये व्हय! त्ये तर रोज काढतोय की. परवा एक माझ्याच बगलंत घुसलावता. उपाटला आन् नखावर चिरडला. त्याला काय चावनं म्हनत्यात?"

गोचिडाच्या तापाबद्दल मी पुस्तकात वाचलं होतं. त्याची तपासणी गमतीची असते. रोग्याच्या रक्ताचं वरचं पिवळसर पाणी पातळ, आणखी पातळ असं ओळीने नळ्यांत घ्यायचं आणि त्यात भलत्याच एका जंतूचा, तोही मेलेला, गढूळ द्राव घालायचा. या जंतूचा त्या तापाशी काडीचा संबंध नाही. तरीही ताप गोचिडाचा असेल तर ते जंतू एकमेकांना चिकटून तळाशी बसतात. पहिल्या खेपेला ते फक्त दोन नळ्यांत बसले. तेवढ्याने काही सिद्ध होत नाही. चार-सहा दिवसांनी पुन्हा रक्त घ्यायचं, आणि जंतू बसलेल्या नळ्या वाढल्या तर रोग खरा.

या तापावर चालणाऱ्या, मुंबईहून आलेल्या एका नव्या औषधाच्या मोजक्या कॅप्सूल डॉक्टरांच्या कपाटात कुलूपबंद होत्या. "पुरावा आणा, किल्ली देतो," ते म्हणाले.

चार दिवसांनी त्याच्या नावाची चिठ्ठी बाकावर आली. त्या दिवशी गर्दी होती. मी चिठ्ठी वाचली, पुढे आलेल्या दंडाला पट्टा आवळला, रक्त घेतलं. दुसऱ्या सकाळी सगळ्या नळ्या सारख्याच गढूळ. एकीच्याही तळाशी काही नाही.

"पुस्तकं जरा कमी वाचत जा," डॉक्टर म्हणाले.

तिकडे रोगी बरळायला लागला होता. मला एकच गोष्ट पटेना. दोन नळ्यांत जे होतं ते चार दिवसांत गेलं कुठे? मी खाटेकडे गेलो. पांघरुणावर त्याचा दंड पडला होता, वाळलेल्या फांदीसारखा. मी काल सुई टोचली होती तो दंड चांगला भरलेला होता आणि त्यावर हिरवा मारुती गोंदलेला होता. तो मारुती आत्ता खाटेच्या पायथ्याशी पंख्याने वारा घालत होता.

"तू कोण?"

"धाकला भाऊ."

"काल रक्त तू दिलंस?"

"मग! दादाच्यात ऱ्हायलंय कुठं? आनि काढलं तर मरंल की त्यो. आमी एका आईची हाय, सायब. येकाच हिरीचं पानी, हितनं काढा न्हाईतर तितनं."

त्याला रागावून काय उपयोग? चिठ्ठी आणि दंड पाहून भागतं, तोंड बघायची गरज नाही, असं त्याच्यापेक्षा जास्त शिकलेला माणूस समजत होता. मी तिथेच खऱ्या रोग्याचं रक्त घेतलं. भावाने तोंड फिरवलं, पण हात धरून ठेवला.

दुसऱ्या सकाळी सात नळ्यांच्या तळाशी गोळे बसले होते. डॉक्टरांनी त्या खिडकीच्या उजेडात बराच वेळ धरल्या आणि किल्ली काढली. पुढच्या फेरीत त्यांनी वरातीला सांगितलं की पहिल्या दिवसापासून त्यांना हाच संशय होता. मी मान डोलावली. कॅप्सूल कपाटाबाहेर आल्या होत्या, मला तेवढं पुरे होतं.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. घरी सोडण्याआधी शेवटचं रक्त हवं होतं. बाकावर दोन माणसं येऊन बसली. मी आधी तोंडं पाहिली.

"बघा नीट," थोरला बाही वर सारत म्हणाला, "ह्या टायमाला म्या सोता आलोय. चालत."