ओल्या गोणपाटाखाली

आमच्या शेल बेंड गावाला धुकं ऑक्टोबरात येतं आणि आलं की घरच्यासारखं राहतं. खाडीवरून उठतं, कालवं फोडायच्या शेडमध्ये शिरतं आणि बाकाशी आमच्या शेजारी उभं राहतं. अशा दिवसांत आम्ही बायका एकमेकींना दिसत नाही, नुसत्या सुऱ्या ऐकू येतात. ओझेलाची सुरी मी शंभरात ओळखेन. आधी टक्, मग जरा थांबून शिंपला पिळल्याचा आवाज, मग बादलीत पडलेलं मांस. एकवीस वर्षं मी तिच्या डाव्या हाताला उभी आहे. तिचा चेहरा कसा आहे ते सांगायला मला विचार करावा लागेल, हात मात्र डोळे मिटून कागदावर काढून दाखवीन.

सासष्ट वर्षांची बाई. चर्चमध्ये सगळ्यात मागे बसते आणि सगळ्यांच्या आधी गायला लागते. बोलते कमी. पण अकरा वर्षांपूर्वी तिचा नवरा आल्टन गेला, तेव्हापासून एक प्रश्न मात्र ती कुणालाही विचारते. दुकानात, अंत्ययात्रेत, पेट्रोल भरताना. "शेवटची धनुर्वाताची सुई कधी घेतली होतीस रे?"

आल्टनला डॉक्टरांनी तेच विचारलं होतं. त्याचा तळहात शिंपल्यानं कापला, त्यानं चिंधी बांधली आणि आठवडाभर खाडीत जात राहिला. मग एका संध्याकाळी मक्याची भाकरी तोंडाशी नेली आणि जबडा उघडेना. ओझेलाला वाटलं, चेष्टा करतोय. तो तसा होताच चेष्टेखोर. ती हसली. त्या हसण्याबद्दल ती मला एकदाच बोलली, पुन्हा कधी नाही. दवाखान्यात तो पलंगावर धनुष्यासारखा ताणला जायचा, आणि पांढरा कोट घातलेला एक पोरगेला डॉक्टर तिला विचारत होता, शेवटची लस कधी? तिला काय माहीत! शाळेत असताना घेतली असेल, घेतली असली तर.

आमच्याकडे विमा ट्रकला असतो, होडीला असतो. माणसाला नसतो. कालवं फोडणाऱ्या बायकांना तर नाहीच नाही. पोरांना शाळेसाठी टोचून घ्यावंच लागतं, मोठ्यांना कोण विचारतो? मग पाचेक वर्षांपूर्वी पुलापलीकडच्या धर्मादाय दवाखान्यानं आमच्या जुन्या पोस्टाच्या खोलीत एक फ्रीज आणून ठेवला. विमा नसलेल्या मोठ्या माणसांना सरकारकडून फुकट लस मिळते, ती इथं टोचणार म्हणाले. नर्स ग्रेटा महिन्यातून दोनदा यायची. खोलीची किल्ली ओझेलाकडे. झाडायची, पुसायची, आणि फ्रीजच्या दारावरचा आकडा सकाळ-संध्याकाळ वहीत लिहायची. छत्तीस ते शेहेचाळीस फॅरनहाइट. त्याच्या वर नाही, खाली नाही. तो आकडा ती इतक्या हळू आवाजात वाचायची की वाटायचं, आत कुणीतरी झोपलंय.

ही गोष्ट घडली त्या वर्षी चाळीस सुया आल्या होत्या. दहा-दहाच्या चार खोक्यांत. पुढच्या येणार त्या थेट वसंतात. सोमवारी आमच्या खाडीतले खडक कालवं काढायला खुले होणार (तोवर आम्ही बाहेरून आलेली कालवं फोडायचो), म्हणून टोचायचा दिवस शनिवार ठरला. चाळीस नावं ओझेलानं उन्हाळाभर दारोदार फिरून जमवली होती. चर्चमधल्या पुठ्ठ्याच्या हातपंख्यांवर, मागच्या कोऱ्या बाजूला लिहिली होती.

"काय गं ओझेला," एकजण म्हणाली, "ही यादी सुईची हाय का स्वर्गात जायची?"

"स्वर्गाची असती तर तुला इचारलं असतं व्हय?" ओझेला म्हणाली आणि नाव लिहून घेतलं.

चाळिसावं नाव मार्लोचं. तिच्या बहिणीचा मुलगा, एकतीस वर्षांचा बाप्या. दुसरीकडे छपरं बसवायचं काम करून कंटाळला आणि आता खाडीत उतरायचं म्हणत होता. त्याला आल्टनचा चिमटा हवा होता. आमच्याकडे कालवं खडकावरून उचलायला दोन लांब दांडे असतात, कात्रीसारखे मध्ये जोडलेले आणि खाली लोखंडी दात असलेले. आल्टनच्या चिमट्याचा तिसरा दात अर्धा तुटलेला होता. खडकावर पडला की आवाज दोनदा यायचा. टण्, आणि पाठोपाठ बारीक टिण्. धुक्यात ओझेला त्यावरूनच सांगायची, तो कुठल्या खडकावर आहे.

"चिमटा पाहिजे तर आधी दंड दाखव," ती मार्लोला म्हणाली.

"मावशी, सुईला भितो गं मी."

"आन् पाण्यातल्या शार्कला?"

"शार्क टोचत न्हाई. सरळ खाती."

शेवटी त्यानं सौदा केला. "शनवारी एकदा येतो. एकदाच. पण तुझी नर्स आली न्हाई, सुया संपल्या, काय बी झालं, तरी चिमटा माझा. सोमवारी मी पाण्यात. मंजूर?"

ओझेलानं पंख्यावर त्याचं नाव लिहिलं. मग म्हणाली, "मंजूर." आणि दिलेला शब्द ही बाई मोडत नाही.

शुक्रवारी सकाळी धुकं असं दाट होतं की मला माझीच बादली दिसेना. आठच्या सुमाराला खाडीवर भोंगा वाजला, खूप लांब, झोपेत ऐकल्यासारखा. मग एक जड, मऊ दणका. पाठोपाठ बर्फाच्या कारखान्याची घरघर थांबली, शेडमधले दिवे गेले, आणि सगळं गाव कापसात गुंडाळल्यासारखं गप्प झालं.

मालवाहू तराफा पुलाच्या खांबाला धडकला होता. पूल बंद. विजेची तार त्याच पुलावरून येते, तीही गेली. मोबाइलचा मनोराही त्याच तारेवर. नर्स ग्रेटा पलीकडे, आम्ही अलीकडे.

ओझेलानं सुरी ठेवली, हात पुसले आणि चालायला लागली. मी मागोमाग.

फ्रीजच्या दारावरचा आकडा बॅटरीवर चालतो. एकोणचाळीस. आम्ही बाकड्यावर बसलो. नऊला एक्केचाळीस. दहाला त्रेचाळीस. भिंतीवर कागद लावलेला होता: वीज गेल्यास लस पुलापलीकडच्या दवाखान्यात न्यावी. ओझेलानं तो वाचला. पुन्हा वाचला. मग खिडकीकडे बघितलं. जिथं पूल असायचा तिथं नुसतं पांढरं धुकं होतं; त्यात होडी सोडायचीही सोय नव्हती.

"लूडी," ती मला म्हणाली, "फ्रीज मरतोय गं."

तेवढ्यात हॉइट आला. हॉइट म्हणजे बर्फाच्या कारखान्याचा मालक. पोट पुढे, टोपी मागे, आणि ढकलगाडीत मोठी थंड पेटी आणि पोत्यानं बर्फ.

"मिस ओझेला!" मोठ्या बायकांना आमच्याकडे आदरानं मिसच म्हणतात. "काळजी सोडा. चार दिवस ताजी राहील तुमची लस. कोळंबी राहते तशी."

"तू हात लावू नगंस. मी गोणपाट घेऊन येते. तवर इथं नुसता बस."

"गोणपाट? गोणपाट कशाला?"

"बस म्हणलं ना."

शेडपर्यंत जायचं, धुक्यात अंदाजानं कोरडी गोणपाटं शोधायची, कोरड्या शिंपल्यांची टोपली भरायची. अर्धा तास गेला. परत आलो तर फ्रीज उघडा, आणि हॉइट गुडघ्यावर बसून दुसरं खोकं हातात घेतलेलं. पहिलं पेटीत होतं. पार गाडलेलं, वर बर्फाची टेकडी.

"हॉइट!"

ओझेलाचा आवाज चढलेला या गावानं कधी ऐकला नव्हता. हॉइटच्या हातातलं खोकं पडता पडता राहिलं.

"मदतच करत होतो की, मिस ओझेला."

"त्ये कालव हाय का कोळंबी, सांग मला?"

"अहो, ती लस आहे."

"कोळंबी मेल्याली असती, हॉइट. तिला बर्फात गाड, डोंगर रच वर. कालव जितं असतं. त्येला बर्फ लागला की तोंड उघडतं आन् मरतं. तुझ्या बापानं तुला एवढं बी शिकवलं न्हाई?"

"शिकवलं," हॉइट हळूच म्हणाला. "पण ही जिती आहे हे मला कुणी सांगितलं?"

ओझेलानं बर्फात गाडलेलं खोकं बाहेर काढलं. गोठलं की मेलं, एवढं तिला नर्स ग्रेटाच्या तोंडून अधूनमधून ऐकून माहीत होतं. बाकीचं तिच्या हातांना माहीत होतं. पेटीतला बर्फ तिनं तळाशी सपाट केला. त्यावर कोरडे शिंपले पालथे घातले, एकावर एक, हवा खेळेल असे. त्यावर कोरडं गोणपाट चार पदरी. मग तीन खोकी, आणि त्यांच्यामध्ये फ्रीजमधलं काडेपेटीएवढं यंत्र. ते दर पाच मिनिटांनी किती थंड आहे ते टिपतं, पण वाचता येतं फक्त नर्सच्या कॉम्प्युटरवर. वर आणखी एक गोणपाट. झाकण. बाहेरून सगळ्यावर ओलं पोतं. बर्फातून काढलेलं खोकं तिनं वेगळं ठेवलं, दुसऱ्या गोणपाटात गुंडाळून. टाकून दिलं नाही.

"आता उघडायचं न्हाई," ती म्हणाली. "उघडलं की गेलं."

"मग आत काय चाललंय ते कळायचं कसं?" मी विचारलं.

"कालवाच्या पोत्यात काय चाललंय ते कळतं का तुला? हात ठेवायचा."

आणि ती पेटीशेजारी बसली, ओल्या पोत्यावर तळहात ठेवून.

ती दुपार किती लांब होती ते मला सांगता येणार नाही. उघड्या दारातून धुकं आत येत होतं, जात होतं. हॉइट पायरीवर टोपी हातात घेऊन बसला होता. कुणी त्याला जा म्हटलं नाही आणि तोही गेला नाही. लोक येत होते, धुक्यातून नुसता चेहरा बाहेर यायचा, विचारायचा, "हायेत का अजून?" ओझेला होकारार्थी मान डोलवायची आणि चेहरा विरघळून जायचा. मला मध्येच वाटलं, आपण पाण्याखाली आहोत. खोली म्हणजे खाडीचा तळ, आणि आपण तिथं चिकटून बसलेली कालवं.

"दवाखान्यात त्येचा हात असाच धरून बसायची मी," ओझेला एकदम म्हणाली. "आवाज झाला तरी त्येला झटका यायचा. म्हणून गाणं बी म्हणता येईना. नुसता हात. आत काय चाललंय कळायचं न्हाई."

 थोड्या वेळानं पोतं वाळत आलं तसं तिनं त्यावर ओंजळभर पाणी शिंपडलं.

पाच वाजता धुकं पातळ झालं. खाडीवर एका होडीचं इंजिन वाजलं आणि नर्स ग्रेटा धक्क्यावर उतरली, कॉम्प्युटर प्लास्टिकच्या पिशवीत छातीशी धरून. खोलीत आल्यावर तिनं पेटी बघितली, पोतं बघितलं, आम्हाला बघितलं.

"कुणी केलं हे?"

"मी केलं," ओझेला म्हणाली. "चुकलं असंल तर माझं चुकलं."

ग्रेटानं झाकण उघडलं. यंत्र काढलं, तार जोडली. पडद्यावर एक रेघ आली. ती वाचत असताना ओझेला भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"सगळ्यात कमी अडतीस," ग्रेटा म्हणाली. "सगळ्यात जास्त पंचेचाळीस. मिस ओझेला, ऐकलंत का? अख्खा दिवस छत्तीस ते शेहेचाळीसच्या आतच आहे. मी उद्या सकाळी वरच्यांना विचारून पक्कं करते, पण मला काही काळजी वाटत नाही."

ओझेला तशीच उभी होती. मग बाकड्यावर बसली आणि बसल्या जागी तिला झोप लागली.

हॉइटनं चौथं खोकं पुढं केलं. "हे माझ्यामुळं बर्फात होतं. अर्धा तास. गोठलंय का?"

"सांगता येत नाही."

"म्हणजे चालेल?"

"सांगता येत नाही म्हणजे टोचता येत नाही," ग्रेटा म्हणाली.

म्हणजे तीस सुया, आणि पंख्यांवर नावं चाळीस.

रात्री ग्रेटानं सुया होडीतून पलीकडच्या दवाखान्याच्या फ्रीजमध्ये नेल्या, शनिवारी सकाळी त्या आणि वरचा होकार घेऊन आली, आणि ओझेलानं पेन्सिल घेतली. सगळ्यात आधी तिनं स्वतःचं नाव खोडलं. मग माझं; मला विचारलंसुद्धा नाही. मग बाकावरच्या आणखी सात जणींची, ज्यांना वसंतापर्यंत थांबवता येईल असं तिला वाटलं त्यांची. एकजण तणतणली, "वा गं! आमचे हात काय लाकडाचे हायेत व्हय?" पण गेली. हॉइटनं दहावं नाव स्वतः खोडलं, त्याचं.

दुपारपर्यंत एकोणतीस दंड झाले. मार्लो येईना. एक वाजला. दीड वाजला. ग्रेटानं शेवटची सुई हातात घेतली. "मिस ओझेला, ही तुम्हीच घ्या ना. तुम्ही रोज सुरी हातात धरता."

ओझेला दाराकडे बघत होती. "थांब जरा."

तो आला दोनला, धापा टाकत, टोपी हातात चुरगाळत. "आलो. एकदा म्हणलो होतो, एकदा आलो. चिमटा दे."

"एकच सुई उरली हाय," ओझेला म्हणाली.

"मग तू घे की मावशी! माझी सुटका." पण खोडलेल्या नावांचा पंखा त्याला टेबलावर दिसला, आणि सगळ्यात वरचं मावशीचं नाव त्यानं वाचलं.  "ही तुझी हाय?"

"मी बाकाशी उभी असते. हातमोजा घालते. तू त्येचा चिमटा घेऊन त्येच्या खडकावर जाणार. बाही वर कर."

"दुखंल."

"दुखंल," ती म्हणाली. "दोन दिवस."

त्यानं बाही वर केली, डोळे घट्ट मिटले, आणि टोचून झाल्यावरही कितीतरी वेळ मिटलेलेच ठेवले. ओझेलानं त्याचा दुसरा हात धरून ठेवला होता.

सोमवारी पुन्हा धुकं. शेडमध्ये आम्ही उभ्या, सुऱ्यांचे आवाज चाललेले. सातच्या सुमाराला खाडीतून आवाज आला. टण्, आणि पाठोपाठ बारीक टिण्.

शेजारची सुरी थांबली. मी बघितलं नाही. बघून दिसलंही नसतं.

"पूर्वेच्या खडकावर हाय," ओझेला म्हणाली. मग पुन्हा टक्, आणि शिंपला पिळल्याचा आवाज.