फाल्यांमास्तरांची माटोळी

फाल्यांमास्तरांच्या तोंडून 'आज' हा शब्द मी कधी ऐकला नाही. पेडण्याच्या हायस्कुलात ते गणित शिकवायचे, मी मराठी. तुमची ती संगणकाची प्रणाली चालते का, असं विचारलं की दोन्ही हात उडवून म्हणायचे, "फाल्यां चलतला, सर! फाल्यां!" म्हणजे उद्या. गोवा घटकराज्य झाल्यानंतर केव्हातरी सुरू झालेला हा उद्या काही केल्या उजाडत नव्हता.

मास्तर जगभरच्या हौशी मंडळींबरोबर संगणकाची नवी प्रणाली बांधत होते. फुकट! कुणी कुणाचं तोंड पाहिलेलं नव्हतं. फोनच्या तारेवरून प्रणालीचे तुकडे यायचे, दुरुस्त होऊन परत जायचे. त्यामुळे मास्तरांच्या हळर्णच्या घरचा फोन सदा गुंतलेला. सासुरवाडीची माणसं कंटाळून बसने येऊन खुशाली विचारून जात.

"इतक्या प्रणाल्या असताना ही कशाला?" मी एकदा चिडवलं. मास्तरांनी मला हाताला धरून देवघरात नेलं आणि वर टांगलेली माटोळीची लाकडी चौकट दाखवली. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, तिलाच आपण रानातली फळं बांधतो.

"चौकट हो गाभो. तो बारकोच होयो. बाकी सगळा भायल्यान बांधूचा. एक फळ पडला म्हणान माटोळी पडता काय?"

इतर यंत्रं एक तुकडा बिघडला की सगळीच गोठतात, आमचं नाही गोठणार, असा त्यांचा दावा. वयनींना, म्हणजे मास्तरांच्या बायकोला, मात्र त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. "यंदा चवथीक चलला नाय तर हो डबो माळ्यार!" त्यांनी बजावलं. मास्तरांची झोपच उडाली.

चवथीला घर माणसांनी भरलं. पडद्यावर गणपती झळकला, यंत्रातून घुमट या मातीच्या वाद्याच्या तालावर आरती सुरू झाली. मास्तर फुलले! आणि दुसऱ्याच कडव्याला खर्रर्र होऊन आवाज बंद. वयनींनी माळ्याकडे पाहिलं.

मास्तरांनी माऊस हलवला. पडद्यावरचा बाण हलला. गणपतीही शाबूत! मास्तरांनी टुणकन उडी मारली. "मेलो! आवाज मेलो! बाकी सगळा जिता आसा!" हातातल्या तबकासकट ते नाचायलाच लागले. पाहुण्यांना वाटलं, मास्तर कामातून गेले. त्यांनी फक्त आवाजाचा तुकडा पुन्हा चालू केला आणि आरती परत वाजू लागली. वयनींना हसू आवरेना. डबा खालीच राहिला.

मास्तर गेले त्याला आता बरेच दिवस झाले. ती प्रणाली अजून पुरी झालेली नाही. गेल्या चवथीला आम्ही सगळे तोंडानेच आरती म्हणत होतो. दुसऱ्या कडव्याला वयनींचा आवाज बंद झाला. पण आम्ही थांबलो नाही, म्हणत राहिलो. तिसऱ्या कडव्याला त्या परत सुरात आल्या.

आरती संपल्यावर त्यांनी डोळे पुसले, कोपऱ्यातल्या डब्याकडे पाहिलं आणि हसून म्हणाल्या, "बघलात? आज चलला."