रजेचं सर्व्हलेट आणि माझी जळफळ

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. नोकरी हिंजवडीत, भाड्याची खोली जवळच्याच चांदे गावात. शेजारच्या खोलीत माझ्याच टीममधली नवी मुलगी राहायला आली आणि माझ्या पोटात जे दुखू लागलं, ते ओवा खाऊन थांबेना. मी चाळिशीची, ती तेवीसची. घरमालकीण अंगणात पापड वाळवताना विचारायची, "तुमी दोघी येकच काम करता न्हवं? मंग ती उजेडी घरी येती, आन तुमी अंधार पडल्यावर कशापायी?"

काय सांगणार, कपाळ!

तेव्हा आम्ही पिरंगुटच्या एका कारखान्यासाठी रजेचे अर्ज भरायची वेबसाइट करत होतो. अर्ज घेणारं सर्व्हलेट माझ्याकडे. ते नीट चाललं तर टीम लीड मी, नाहीतर ती, असं साहेबांनी बजावलं होतं. सर्व्हलेट म्हणजे सर्व्हरवरचा एकुलता एक कारकून. शंभर माणसं आली तरी खिडकीत तोच. अर्जदाराचं नाव मेथडच्या आत, जणू प्रत्येकाच्या वेगळ्या चिठ्ठीवर, ठेवायचं. मी शहाणीनं ते वर क्लासमध्ये, जणू सगळ्यांत मिळून एकाच पाटीवर, ठेवलेलं.

ती हळूच म्हणाली, "ताई, नाव आत घ्या ना. दोघांनी एकदम अर्ज केला तर मिसळेल."

"मी तपासलंय. व्यवस्थित चालतं."

तपासलं होतं की! एकटीनं, एकाच कॉम्प्युटरवर. तिचं म्हणणं मला त्याच क्षणी पटलं होतं. पण तिचं ऐकायचं? त्यापेक्षा ताम्हिणी घाटाच्या पावसात बिनछत्रीची उभी राहिले असते.

वेबसाइट सुरू झाली त्याच दिवशी कारखान्यातल्या दोघांनी एकदम बटण दाबलं. तरुण फिटरची लग्नाची रजा मंजूर झाली ती निवृत्तीला टेकलेल्या स्टोअरकीपरच्या नावावर.

"कोणी लिहिलंय हे?" साहेब कडाडले.

"आम्ही दोघींनी," मी पटकन म्हणाले.

 तिनं खुर्ची ओढून नाव मेथडच्या आत नेलं, सर्व्हर पुन्हा सुरू केला आणि फिटरला त्याची रजा मिळवून दिली. चुगली केली नाही. साहेबांना मात्र कळायचं ते कळलं. लीड ती झाली.

सोमवारपासून माझं काम तपासायला तीच. पहिल्या दिवशी मी भांडायच्या तयारीनं पदर खोचून बसले, तर म्हणते कशी, "छान लिहिलंय, ताई."

घरी येऊन मी ढसाढसा रडले. इतकं चांगलं वागायची काय गरज होती त्या बयेला?