करवंटीतला साबण

माझी थोरली भावजय पारूबाई कामात अंग चोरणारी नव्हती, आणि चोरणाऱ्याला सोडणारी तर नव्हतीच. शिराळ्यात आमच्या गल्लीला घरी साबण करायला तिनंच शिकवलं.

१९७४ साल. मी सांगलीत हळदीची पोती उचलायचो. नागपंचमीला गावी येताना वैनीनं सांगितलेला कॉस्टिक सोडा घेऊन आलो. गल्लीतल्या बायकांनी करंजाच्या बिया वेचून घाण्यावरून तेल काढून आणलं होतं. ते सगळं तेल वैनीच्या भरवशावर. बिघडलं असतं तर पुन्हा कुणी बिया वेचल्या नसत्या.

पंचमीच्या आदल्या दिवशी, चतुर्थीला, वैनीचा भावासाठीचा उपवास होता, तरी तिनं त्याच दिवशी काम काढलं. सोड्याचं पाणी मातीच्या परळात निववलं. जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, भांडं सोडा खातो. मग ते कोमट तेलात बारीक धारेनं सोडलं. घोटायचं माझ्याकडे. हात जरा मंदावला की म्हणायची, "भावजी, पोती उचलता न्हवं? मग दांडक्याला का दमता?"

पिठल्यासारखं आळल्यावर फडकं घातलेल्या खोक्यात ओतलं.

"उद्या दुपारी वड्या कापायच्या," वैनी म्हणाली.

आय दारातच थांबली. "अगं, उद्या पंचमी. इळी-सुरी चालायची न्हाई."

सोडा आला त्या घाईत पंचमीला चिरायचं नसतं हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं. आज साबण कापण्याइतका घट्ट नव्हता, आणि परवापर्यंत त्याचा दगड होणार. सुरी लावली की चुरा.

शेजारची मनुबाई हसली. तेलात तिचाच वाटा मोठा होता. "आता त्यानं नागोबाला न्हाऊ घाल, पारूबाय!"

"हसायला मागनं येळ हाय. चुलीपाशी करवंट्या असतील तेवढ्या आण. समद्यांस्नी सांग."

करवंट्या आल्या. आतून तेलाचं बोट फिरवून वैनी पळीनं खोक्यातला साबण त्यांत भरत गेली. तो दाटत चालला होता. शेवटची करवंटी भरली तेव्हाच तिनं पाठ सरळ केली.

पंचमीला कुणी हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी करवंट्या उपड्या करून थापटल्या. वड्या अखंड निघाल्या.

गणपतीला मी परत आलो, तोवर त्या माळ्यावर वाळल्या होत्या. वैनीनं एकीला जीभ लावली. चटका बसला नाही, म्हणजे सोडा मुरला. ती वडी तिनं मनुबाईला दिली.

मनुबाईनं मुठीत धरून बघितली. "हाताला बसतीय की गं बरोबर."

"बसंल की. आन आता करवंट्या चुलीत घालू नगंस."