दोन ट्रॉल्या आणि एक हॉर्न

पणदऱ्याच्या दत्तोबांची उत्कर्षा ट्रॅक्टरला जोडलेल्या, उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या एका दमात मागं घ्यायची. एक नव्हे, दोन! ज्यानं हा उद्योग केलाय त्यालाच ठाऊक, मागची ट्रॉली किती खट्याळ असते ते. स्टेअरिंग डावीकडं फिरवावं, तर ही बया निघाली भलतीकडंच. कारखान्याच्या आवारात भले भले ड्रायव्हर घाम पुसायचे, आणि ही एकोणीस वर्षांची पोरगी ट्रॉल्या जागेवर लावून एक लांब हॉर्न द्यायची. फाटकाशी चहा पीत उभ्या असलेल्या दत्तोबांना तेवढ्यानं कळायचं, पोरीचं काम झालं.

पुढं ती कळसच्या सौरभला दिली. वर्ष होतंय न होतंय तोवर दोघं न्यूझीलंडला. त्याला सातशे गाईंच्या गोठ्यावर नोकरी. आणि हिला काय? हिरवंगार रान, चकचकीत घर आणि बोलायला चिटपाखरू नाही. बारामतीच्या बाजारात दहा ओळखीचे भेटायचे, इथं दुकानच वीस किलोमीटरवर. तीन महिन्यांत बाई रडकुंडीला आली.

"मी लायसन काढणार," एक दिवस तिनं सांगून टाकलं. "इथं ट्रॅक्टरवर काम करणार. नुसतं बसून राहिले तर वेड लागंल मला."

परीक्षेला साहेब शेजारी बसला. उत्कर्षानं गाडी झकास चालवली आणि आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणं प्रत्येक वळणाला हॉर्न दिला. सायकलवाल्याला दिला. पुढची गाडी ओलांडताना तर दोनदा दिला. साहेब लालबुंद झाला. तिकडं हॉर्न म्हणजे समोरच्याला शिवी हासडल्यासारखं! नापास.

"बारामती-इंदापूर रोड वाटला का काय तुला?" सौरभ पोट धरून हसला. ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

तिनं फोनवर रडत सगळं सांगितलं, तेव्हा दत्तोबा म्हणाले, "हॉर्नबिगर गाडी चालती व्हय तितं?"

"चालती, आबा."

"मग तूबी चालीव की! हात काय हॉर्नला चिकटल्यात?"

दुसऱ्या खेपेला ती ओठ घट्ट मिटून बसली आणि पास झाली. मग नवऱ्याच्या मालकाकडं जाऊन उभी राहिली. तो म्हणाला, "एक दिवस बघतो. जमलं तर हंगामभर काम."

त्या दिवशी गाईंसाठी मुरवून ठेवायच्या चाऱ्याचा, मुरघासाचा मका भरून दोन ट्रॉल्या घेऊन ती निघाली. गोठ्याच्या अरुंद रस्त्यावर पुढं दुधाचा टँकर बंद पडलेला, दोन्ही बाजूंना तारेचं कुंपण. तिच्या मागून मका घेऊन आलेले दोघं ट्रॅक्टर दूर उभे करून उतरले आणि दोन ट्रॉल्या एकदम मागं जायच्या नाहीत म्हणून पान्हा घेऊन तिची मागची ट्रॉली सोडायला लागले.

"थांबा!" ती ओरडली. कुंपणापलीकडं उभा मालक हाताची घडी घालून बघत राहिला.

आबांचं म्हणणं तिला पाठ होतं: पहिलीकडं बघू नगं, शेवटच्या चाकावर नजर ठेव. तिनं मान वळवली. इंच इंच करत दोन्ही ट्रॉल्या मागं सरकल्या, वळणात वाकल्या, सरळ झाल्या आणि मागच्या फाटकातून आत जाऊन बिनबोभाट उभ्या राहिल्या. पान्हावाल्यांचं तोंड उघडं ते उघडंच.

आणि मग तिला काही राहवलं नाही. तिनं हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. सारं रान दणाणलं! मग त्या दोघांतला एकजण धावत आपल्या ट्रॅक्टरवर चढला आणि त्यानंही हॉर्न दाबला, पाठोपाठ दुसऱ्यानं. मालक खदाखदा हसत टाळ्या वाजवायला लागला.

गोठ्यात सौरभच्या हातातली बादली खाली पडली. "गेलं! लायसन गेलं हिचं!" म्हणत तो गमबूट फदफदवत पळत सुटला.

"अहो, पळू नका!" उत्कर्षा ट्रॅक्टरवरून ओरडली. "नोकरी लागली!"