सीडी खराब नव्हती

आमच्या कारखान्याच्या गृहपत्रिकेत दोन वर्षांपूर्वी मी एक लेख लिहिला होता. त्यात एक वाक्य होते : 'सीडी खराब निघाल्यामुळे काम एक दिवस लांबले.' ते वाक्य चुकीचे आहे. सीडी उत्तम होती. आदरणीय दामोदर गायधनी सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी लिहायला बसले, तेव्हा ही दुरुस्ती केल्यावाचून पुढचा शब्द सुचेना.

सरांची पहिली भेट सातपूरच्या आमच्या कारखान्यात, मुलाखतीच्या दिवशी झाली. लहानपणी मी सतत आजारी असे, म्हणून चौथीपर्यंत वणीला घरीच आत्याने मला शिकवले. त्या वर्षांचा दाखला नाही, हे मी वेगळ्या कागदावर सविस्तर लिहून अर्जाला टाचले होते. सरांनी तो कागद शेवटपर्यंत वाचला.

"हे कोणी विचारलं होतं?"

"नाही, सर. पण पुढे कळलं असतं तर..."

सर शेजारच्या अधिकाऱ्यांकडे वळून म्हणाले, "हिला घ्या. न विचारता सांगणारं माणूस आपल्याकडे एकही नाही."

मी त्या शब्दाला जागले नाही, ते पुढे येईलच.

नव्वदच्या दशकात कारखान्यात पहिला संगणक आला तो सरांमुळे. तेव्हा त्या खोलीत चपला बाहेर काढून जावे लागे, म्हणून कामगारांनी तिचे नाव 'गाभारा' ठेवले. आता आत सर्व्हर आहे, चपलांचा नियम गेला आहे, नाव मात्र टिकले आहे. गाभाऱ्यात इंटरनेटची तार जात नाही. ग्राहकांची ड्रॉइंग्ज आत असतात आणि ती बाहेर जाता कामा नयेत, हा सरांनीच घालून दिलेला नियम. आत जे न्यायचे ते सीडीवर, वहीत नोंद करून.

पूर्वी एखादे ड्रॉइंग हवे असले की कामगाराला शेडमधून कोठीपर्यंत पळावे लागे. कधी जुनेच ड्रॉइंग हाती येई आणि अख्खी पाळी वाया जाई. प्रत्येक शेडमधल्या संगणकावर नवे ड्रॉइंग दिसेल अशी व्यवस्था सरांना करायची होती, आणि ते काम त्यांनी माझ्याकडे दिले. त्यासाठी सर्व्हरवर एक वेब फ्रेमवर्क बसवायचे होते. फ्रेमवर्क म्हणजे वेबपाने तयार करण्याचा आयता सांगाडा. इंटरनेट असेल तर तो लागेल ते सामान आपणच बाहेरून आणतो. नसेल तर प्रत्येक पॅकेज, म्हणजे त्या सामानाचा एकेक नग, आपण न्यायचे, त्या पॅकेजला लागणारे दुसरे न्यायचे, आणि त्याला लागणारे तिसरेही.

"परगावी स्वयंपाकाला निघालीस असं समज," सर म्हणाले होते. "मीठसुद्धा घरून न्यायचं. तिथे शेजार नाही."

यासाठी सरांची एक पद्धत आहे. आमच्या संगणक विभागात एक जुने यंत्र आहे. त्यातले आधीचे सगळे पुसून टाकायचे, इंटरनेटची तार काढायची आणि त्यावर सीडीवरून सगळे बसवून पाहायचे. तिथे चालले तरच सीडी गाभाऱ्यात. आम्ही याला 'कोरी तालीम' म्हणतो.

इंटरनेटवरून सामान उतरवून सीडी बनवण्याचे काम भास्कर निकम यांच्या सायबर कॅफेत होत असे. निकमभाऊ मूळचे सटाण्याकडचे. पूर्वी त्यांचे टायपिंगचे क्लास होते. पहिला संगणक आला तेव्हा सर आणि ते फ्लॉपींचा गठ्ठा घेऊन रविवार-रविवार बसत. सीडी तयार झाली की ती स्वतःच्या संगणकावर पुन्हा उघडून दाखवल्याशिवाय ते हातात देत नसत.

मी तालीम केली. फक्त यंत्र पुसले नाही. पुसताना काही भलतेच जाईल या भीतीने मी ते टाळले आणि वहीत 'तालीम झाली' असे लिहिले. सरांनी माझ्यावर विश्वास ठेवून खाली सही केली. डेटाबेसशी बोलणारे एक पॅकेज त्या यंत्रावर आधीच्या कामातले पडून होते. त्यामुळे तिथे सगळे सुरळीत चालले आणि ते पॅकेज माझ्या यादीत आलेच नाही.

दुसऱ्या दिवशी गाभाऱ्यात व्यवस्थापक साहेब उभे होते, शेडचे फोरमन पगार मामा उभे होते. सीडीवरचे सगळे सर्व्हरवर बसवून झाले. पान उघडले, तर पानाऐवजी एक ओळ : अमुक पॅकेज सापडत नाही.

"काय ताई," पगार मामा म्हणाले, "देव पावला नाय वाटतं?"

सगळे हसले. माझ्या तोंडून निघून गेले, "सीडी खराब असेल."

सरांनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि साहेबांना सांगितले, "तपासणीवर सही माझी आहे. उद्या दुपारी पुन्हा दाखवतो."

त्या संध्याकाळी त्यांनी मला शेजारी बसवून ते जुने यंत्र पुसायला लावले. स्वतः काही केले नाही, फक्त चहा मागवला. पाऊण तासात राहिलेले पॅकेज समोर आले. दुसऱ्या दिवशी निकमभाऊंनी नवी सीडी करून दिली आणि दुपारी पान उघडले. पगार मामांनी स्वतःच्या शेडचे ड्रॉइंग पडद्यावर पाहिले आणि म्हणाले, "आता माझी ढेरी वाढली तर साहेब, तुम्ही जबाबदार."

वहीत मात्र सरांनी लिहिले : 'तालीम कोऱ्या यंत्रावर झाली नाही. जबाबदारी माझी.' खाली सही. माझे 'तालीम झाली' त्यांनी एका रेघेने खोडले, वाचता येईल असे. हीसुद्धा त्यांची पद्धत. आमच्या वहीत व्हाइटनर चालत नाही.

मी हे पाहिले आणि तरीही गृहपत्रिकेत ते वाक्य लिहिले. सर वाचून म्हणाले, "लेख छान झालाय. फक्त सीडी बिचारीला बोलता येत नाही." मला कळले. तरी पुढच्या अंकात दुरुस्ती दिली नाही.

गेल्या वर्षी आत्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नाशिकला आली. चार दिवस सर नाशिक रोडहून स्वतः डबा घेऊन येत. गप्पांत त्यांनी आत्याला विचारले, "ताई, हिला शिकवताना खोडरबर कोणाच्या हातात असायचं?"

"माझ्याच. वही स्वच्छ दिसायला नको का?"

"मग आता ते माझ्याकडे जमा करा."

आत्या डोळ्यावरच्या पट्टीसकट इतकी हसली की परिचारिका धावत आली. मीही हसले. खोडरबर मात्र माझ्याकडेच राहिले.

सत्काराची तयारी सुरू झाली तेव्हा सर म्हणाले, "शाल नको, हार नको. भास्कर पहिल्या रांगेत बसला पाहिजे, एवढं करा." निमंत्रणाचे फोन माझ्याकडे होते. निकमभाऊ म्हणाले, "गायधनी साहेबांवर जीव हाय माझा, ताई. पण तुमच्या हॉलमधी मी नाय येणार. दोन वर्षं झाली, तुमच्याकडची पोरं येत्यात आन् इचारत्यात, भाऊ, सीडी चालती ना? छापून आलंय म्हणे. मी आजवर न तपासता एक सीडी दिली नाय."

मी "बरं" म्हणून फोन ठेवला. तेव्हाही सांगितले नाही.

सरांविषयी सांगण्यासारखे खूप आहे आणि ते इतर जण माझ्यापेक्षा चांगले लिहितील. मला एवढेच ठाऊक आहे की चूक झाकून न टाकता तिच्याशेजारी आपली सही करणारे दुसरे माणूस मी पाहिलेले नाही. सरांची तब्येत अशीच ठणठणीत राहो, त्यांचे गुडघे गाभाऱ्याच्या पायऱ्या अजून पुष्कळ वर्षे चढोत, आणि पंचाहत्तरीच्या ग्रंथातही मला लिहायला मिळो, दुरुस्तीविना.

सत्कार रविवारी आहे आणि हा ग्रंथ त्याच दिवशी सर्वांच्या हाती येईल. निकमभाऊंना हे छापलेले वाचून कळू नये. त्यांचे दुकान दहाला उघडते. या लेखाची प्रत, वहीचे ते पान आणि पहिल्या रांगेचे निमंत्रण घेऊन मी त्यांच्यासमोर उभी राहणार आहे, आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी दहा वाजता.